तळखडे मोजत : बेळगाव, कित्तूर, बैलहोंगल

पहिला दिवस

आमच्या मामांचं आयुष्य जुन्या लाकडात गेलं. बेळगावच्या शहापुरात त्यांची वखार. कुणाचा वाडा पडायला आला, भावाभावांत वाटण्या झाल्या, की मामांना बोलावणं यायचं. मामा जायचे, वाडाभर फिरायचे, खांबाला नखानं खरवडून बघायचे, तुळईवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि ओसरीवर बसून आकडा सांगायचे. या दिवाळीनंतर वखारीची जागा त्यांनी सोडली. वय शहात्तर, गुडघे गेलेले, मुलगा पुण्यात. राहिलेलं लाकूड गोव्याच्या एका हॉटेलवाल्यानं नेलं. त्या दिवसापासून मामा घरात नुसते येरझाऱ्या घालायला लागले, तेव्हा मामी मला म्हणाली, "ह्यांना जरा कुठंतरी फिरवून आण बघ. देवाला नको, देवाला गेले तरी खांबच बघत बसतात."

कुठं जायचं, असं विचारल्यावर मामा म्हणाले, "कित्तूर. तिथला वाडा मी कधी नीट बघितलेला नाही गा. गेलो की दर करायला लागतो मी. आता वखार नाही, आता बघतो."

तीन दिवसांचा बेत ठरला. पण सुरुवात गावातूनच करायची, हा हट्ट मामांचा. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी आम्ही गेलो कुठं, तर टिळकवाडीत, काँग्रेस विहिरीवर. घरापासून स्कूटरनं पाच मिनिटं.

रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या माणसालाही सांगावं लागतं की इथं एक अख्खं गाव उभं होतं. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथं. हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी उठाठेव केली. जागेला नाव दिलं विजयनगर, प्रवेशाचं गोपुर हंपीच्या विरूपाक्ष मंदिराच्या धर्तीवर आणि पाण्यासाठी खणलेल्या विहिरीला नाव पंपा सरोवर. अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल त्या मांडवात गायल्या. गांधीजींसाठी झोपडी बांधायची ठरली होती, पण कार्यकर्त्यांनी हौसेनं खादीचं असं काही उभारलं की गांधीजींनी, झोपडी सांगून मला खादीच्या महालात ठेवलं, अशी थट्टेत तक्रार केली.

तो महाल आता कुठं शोधायचा? बाग आहे, झाडं आहेत, कट्ट्यावर पेपर वाचणारे आहेत. जवळच्या वीरसौध या स्मारकात फोटो लावलेत. आणि मधे ती विहीर. हिला तेव्हा ४,३७० रुपये आणि ३ आणे खर्च आला होता. तीन आण्यांपर्यंत हिशेब ठेवणारी माणसं होती, एवढं त्यावरून कळतं.

मामा कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बांबू आणि कापडाचं घर. हे पडलं नाही, हे सोडवलं. दोऱ्या सोडल्या, गुंडाळलं, गाडीत भरलं, संपलं. बघ गा, उभं केलेलं सगळं गेलं. खणलेलं तेवढं राहिलं."

मला वाटलं, मामा असंच बोलून गेले. पण पुढचे दोन दिवस हे वाक्य गाडीत आमच्याबरोबर बसून होतं.

दुपारी किल्ल्यात. किल्ल्याबद्दल लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल, कारण इथं थर आहेत. १२०४ च्या शिलालेखाची कमल बस्ती हे जैन मंदिर, तिच्या छताला लोंबणारं दगडी कमळ, पलीकडे आदिलशाही सरदार असदखानाची साफा मशीद. त्या असदखानाचा महाल, रट्ट राजांच्या काळातली घरं, यांतलं काही डोळ्याला दिसत नाही. देवळाचे दगड मात्र तटात ओळखू येतात. कुठं अर्धी वेलबुट्टी, कुठं उलटी बसवलेली पट्टी. मामांना दगडात रस कमी. त्यांचा जीव रमला तो रामकृष्ण मिशनच्या आवारातल्या एका जुन्या घरात. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात होते. आधी तीन दिवस रिसालदार गल्लीत वकील सदाशिवराव भाट्यांकडे, मग किल्ल्यात हरिपद मित्र या जंगल खात्यातल्या अधिकाऱ्याकडे नऊ दिवस. दोन्ही घरं आज स्मारक म्हणून जपलेली आहेत.

"किल्ल्यातले राजवाडे गेले आणि जंगल खात्याच्या साहेबाचं घर राहिलं," मी म्हटलं.

"घराला पाहुणा चांगला लागतो," मामा म्हणाले. "नऊ दिवस राहिला, सव्वाशे वर्षं घर धरून ठेवलं."

दुसरा दिवस

सकाळी सातला निघालो. मामीनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मामांच्या गोळ्यांची डबी अशी तीन पुडकी दिली. त्यांतली गोळ्यांची घरीच राहिली, हे हलग्याजवळ कळलं. परत फिरलो. दुसऱ्यांदा हलग्याला आलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि सुवर्ण विधानसौध पांढराशुभ्र चमकत होता. २०१२ मध्ये उघडलेली ही इमारत महामार्गावरून कुणालाही चुकवता येत नाही. वर्षातून एकदा हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा तिथं वर्दळ. मामांनी काच खाली करून बघितलं. "खोल्या किती असतील?" "असतील भरपूर." "आणि राहतं कोण?" मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली.

एम. के. हुबळीला मलप्रभा ओलांडली. पावसाळा चांगला झाल्यानं नदीला पाणी होतं. कित्तूर बेळगावपासून पन्नासेक किलोमीटर, जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यालगत. चौकात घोड्यावर बसलेली राणी चन्नम्मा. उत्सवाची कमान अजून उतरवलेली नव्हती. दर वर्षी २३ ऑक्टोबरला इथं कित्तूर उत्सव सुरू होतो, त्याचे फाटके फलक वाऱ्यावर फडफडत होते.

किल्ल्याच्या आत शिरलं की पहिल्यांदा जे दिसतं ते उद्यान. हिरवळ, फुलझाडांचे वाफे, शाळेची सहल, डबे उघडून बसलेल्या बाया, सेल्फी काढणारी नवी जोडपी. आणि या सगळ्याच्या मधोमध, कुणी विसरून गेल्यासारखा, वाडा. म्हणजे वाड्याच्या भिंती. कुठं कमरेएवढ्या, कुठं दोन पुरुष उंच. छप्पर कुठंच नाही. दारांच्या जागी दारांएवढं आभाळ.

इथले लोकही वाड्याला 'वाडे'च म्हणतात. शब्द दोन्ही भाषांत एकच राहिला, हे बरं झालं.

मामा आत शिरले आणि मी बघितलं, की पन्नास वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. ते वर बघत नव्हते. खाली बघत चालले होते. एका चौकोनी दगडापाशी थांबले, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू बसले. जोत्यात बसवलेला घोटीव दगड, मधे चौकोनी खाच. तळखडा. लाकडी खांब जमिनीला टेकवला तर बुडातून वाळवी लागते, ओल चढते. म्हणून खाली दगड आणि दगडात खाच, त्या खाचेत खांबाच्या बुडाचं कुसू बसतं. मामांनी खाचेतला पाला बोटानं काढला, आत एक खडा होता तो उचलून टाकला, मग दगडाच्या माथ्यावर वीत टाकली. एक वीत आणि चार बोटं.

"एवढ्या बैठकीवर खांब वीतभर जाडीचा धर. साग. दुसरा कुठला असणार नाही. हा एक, तो दुसरा, तो बघ तिसरा. मधलं अंतर समान आहे. म्हणजे इथं सोपा होता, दरबाराचा. वर माडी. माडीशिवाय एवढा खांब कुणी घालत नाही."

मग त्यांनी मला रांगच्या रांग मोजायला लावली. मी दगडावरून दगडावर जायचो, ते हातातल्या काठीनं हवेत तुळया ओढायचे. पाच मिनिटांत माझ्या डोक्यावर छत आलं. खरं सांगतो, इतिहासाच्या पुस्तकांनी मला हे कधी दिलं नव्हतं.

मी विचारलं, "मग एवढा वाडा पडला कसा? तोफांनी?"

"तोफेनं भिंतीला भोक पडतं. वाडा पडत नाही." मामा भिंतीच्या तुटक्या टोकाकडे गेले. "वाड्याचा सांगाडा लाकडाचा. भिंत नुसती त्याला अंगरखा घातल्यासारखी. आधी कौलं उतरवतात, मग वासे, मग कडीपाट, मग तुळया, शेवटी खांब. खांब निघाला की भिंत एकटी. वर छप्पर नाही. तीन पावसाळे. चौथ्याला ती आपणच बसते. पाडायला माणूस लागत नाही. मी सांगतो ना, मी पाडलेत."

कित्तूरचं नेमकं असंच झालं का, हे मामा सांगू शकत नाहीत; ते फक्त कसं होतं ते सांगतात. पण इतिहास थोडक्यात सांगायलाच हवा.

कित्तूरचे देसाई मलप्रभेच्या पट्ट्यातले मोठे घराणे. मल्लसर्ज देसाई एकदा टिपूच्या कैदेत पडला आणि पुढं दुसऱ्या बाजीरावानं त्याला पुण्यात अडकवून ठेवलं. सुटून परतताना आजारी पडला आणि १८१६ मध्ये गेला. पेशवाईचं हे वागणं आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं, इथल्या शाळेत मात्र आहे. काकतीची चन्नम्मा ही त्याची धाकटी राणी. काकती बेळगावच्या वेशीवरच, म्हणजे एका अर्थी ती आमच्याकडचीच लेक. १८१८ मध्ये इंग्रजांनी बेळगावचा किल्ला वेढा घालून घेतला, तेव्हा कित्तूरनं इंग्रजांना मदत केली होती. काल आम्ही उभे होतो त्याच तटापाशी. आणि सहाच वर्षांनी त्याच इंग्रजांच्या तोफा इकडं वळल्या.

निमित्त दत्तकाचं. ११ सप्टेंबर १८२४ रोजी मल्लसर्जाचा मुलगा, गादीवरचा देसाई शिवलिंगरुद्रसर्ज, निपुत्रिक वारला. त्यानं घेतलेला दत्तक मानायला धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे तयार नव्हता. २३ ऑक्टोबरला तो फौज घेऊन आला आणि किल्ल्यासमोर मारला गेला. एलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन इंग्रज अधिकारी कैद झाले. डिसेंबरात मोठी फौज आली, तीत सोलापूरचा सबकलेक्टर मन्रोही पडला, पण किल्ला गेला. चन्नम्मेला बैलहोंगलला नेऊन कैदेत ठेवलं.

या कैद्यांपैकी वॉल्टर एलियटचं मला राहून राहून नवल वाटतं. वय एकवीस. पुढं याच माणसानं कर्नाटकातले शेकडो शिलालेख गोळा केले, दक्षिणेच्या नाण्यांवर लिहिलं, अमरावतीच्या स्तूपाचे दगड त्याच्याच नावानं लंडनला ओळखले गेले. कन्नड मुलखाचा एवढा लळा लागलेला माणूस, आणि त्याचे सुरुवातीचे दिवस कित्तूरकरांच्या कैदेत! कैद्यांना कुठल्या खोलीत ठेवलं असेल, हे मी त्या भिंतींत उगाच शोधत होतो.

तोवर मामा मागच्या अंगाला गेले होते. तिथं वाडा जास्त शिल्लक आहे. आड आहे. न्हाणीची दगडी फरशी आहे, तिला पाणी वाहून जायला उतार आहे, उताराच्या टोकाला मोरी, मोरीतून पुढं दगडी पन्हळ. मामांनी आपल्या बाटलीतलं पाणी त्या फरशीवर ओतलं. पाणी क्षणभर थबकलं, मग बरोबर कोपऱ्याकडे निघालं आणि मोरीत शिरलं. दोनशे वर्षांनी.

"कालचं लक्षात आहे ना?" मामा म्हणाले. "दरबार गेला, न्हाणी राहिली."

सहलीच्या मुलांना हे दिसलं. मग काय, प्रत्येकाला आपली बाटली ओतायची होती. मास्तर ओरडत आले, त्यांना काय चाललंय कळेना, मामांनी त्यांना कन्नडात समजावलं, आणि शेवटी मास्तरांनीही अर्धा पेला ओतून बघितला.

एका भिंतीत एक गोल भोक आहे, नळीसारखं, तिरपं. त्यातून ध्रुवतारा दिसतो म्हणतात, आणि कित्तूरला येणारा प्रत्येक जण त्याला डोळा लावतो. दिवसा त्यातून निळा तुकडा दिसला, एवढंच. पण भोकाचा कल बघण्यासारखा आहे. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितके त्या गावाचे अक्षांश. कित्तूरला ते जेमतेम साडेपंधरा. म्हणजे इथं ध्रुव अगदी बुटका. भोक जास्त तिरपं केलं तर त्यातून काहीच सापडणार नाही. हे ज्यानं भिंतीत बसवलं त्यानं भिंत बांधायच्या आधी रात्री जागवल्या असणार. भिंत बांधून झाल्यावर तिला असं भोक पाडता येत नाही. मामांनी त्याला एक शब्द दिला, "कारागीर". त्यांच्या तोंडून हा शब्द सहजी निघत नाही.

आवारातच संग्रहालय आहे. तलवारी, कडरोळीचा दगडी सूर्य, वीरगळ. आणि कोरीव लाकडी दरवाजे, खिडक्यांच्या चौकटी. मामा त्या दारांसमोर मात्र अवघडले. हात मागं बांधले. नेहमीसारखं नखानं खरवडलं नाही, टकटक केली नाही. बराच वेळ बघून म्हणाले, "बिजागर नाही याला, खालीवर कुसवं आहेत. उखळीत फिरत होतं हे दार. आता फिरायला उखळी नाही." दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आणि बाहेर उद्यानात दारावाचून भिंती उभ्या होत्या. मधलं अंतर पन्नास पावलं असेल.

कित्तूरच्या वाड्याची हुबेहूब प्रतिकृती बांधायची चर्चा मधून मधून निघते, असं तिथल्या चहावाल्यानं सांगितलं. माझं मत विचाराल तर नको. मामांना विचारलं, तर त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला : "लाकूड कुठनं आणणार?"

मुक्काम मामांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे. त्यांनी १९९० च्या सुमारास मामांकडून चौदा खांब नेऊन घर बांधलेलं. "बर्री, बर्री" करत त्यांनी आत घेतलं आणि मामा आत शिरताच पहिल्यांदा खांबांकडे गेले, माहेरवाशिणीला भेटावं तसे. कडक भाकरी, मडकीची उसळ, शेंगाहिंडी, वर दही. जेवण झाल्यावर आम्ही गच्चीत गेलो, ध्रुव बघायला. किल्ल्याचं फाटक संध्याकाळी बंद होतं, त्यामुळं भोकातून बघणं शक्य नव्हतं. सप्तर्षी या दिवसांत संध्याकाळी खाली गेलेले असतात, म्हणून शर्मिष्ठेवरून शोधला. सापडला, पण शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागं अर्धा लपलेला. यजमानांना वाईट वाटलं. "रायाप्पाला सांगतो, टाकी काढ म्हणून," असं म्हणून ते एवढे हसले की खालून वहिनींनी हाक मारली.

रात्री अंधारात मामा एकदम बोलायला लागले. १९७९ साल. मलप्रभेकाठचं एक गाव, नाव मी लिहीत नाही. एका देसायांचा वाडा. मुंबई राज्यात असतानाच वतनं गेली होती, १९७४ च्या जमीन सुधारणा कायद्यानं कुळांच्या जमिनी गेल्या. तेरा खणांचा वाडा आणि शाकारायला पैसे नाहीत. मुलं हुबळीला नोकरीला. घरात एकटी आजीबाई. मामांनी वाडा 'उभा' घेतला. आमच्या धंद्यात... बघा, मीही 'आमच्या' म्हणायला लागलो. त्यांच्या धंद्यात उभा घेणं म्हणजे कौलापासून खांबापर्यंत सगळं एका आकड्यात. बावीस दिवस काम चाललं. आजीबाई रोज शेजारच्या ओसरीवर बसून बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. शेवटच्या दिवशी फक्त म्हणाल्या, "दगड राहू देत हो."

"दगड मी नेणारच नव्हतो," मामा म्हणाले. "तळखड्याला गिऱ्हाईक नसतं. पण तिला वाटलं, मी तिच्यासाठी ठेवले. जाताना मला गूळ-पाणी दिलं. आणि मी प्यालो."

तिसरा दिवस

बैलहोंगल. सकाळी बाजारात गर्दी, ट्रॅक्टरांची रांग, कापसाच्या गाड्या. राणी चन्नम्मेची समाधी गावातच एका छोट्या उद्यानात आहे. २१ फेब्रुवारी १८२९ रोजी ती इथं कैदेत वारली. ज्या गढीत तिला ठेवलं होतं तिचं नाव लोक नुसतं सांगतात. समाधी मात्र दाखवतात. एक आजोबा तिथं झाडाखाली बसले होते. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून त्यांनी आपणहून मराठीत विचारलं, "कुठले?" शहापूर म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे सांगलीकरांचे." आमचं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, हे बेळगावातल्या निम्म्या पोरांना ठाऊक नाही, आणि बैलहोंगलच्या आजोबांना आहे!

त्यांनीच बेळवडीचा विषय काढला. इथून जवळच. १६७८ मध्ये दक्षिणेतून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या सैन्याशी तिथली देसाईण लढली. आपल्या बखरींत ती सावित्रीबाई, इथं मल्लम्मा. आजोबा म्हणाले, "तुमची सावित्री, आमची मल्लम्मा. गढी दोघींचीही राहिली नाही." समाधीवर फुलं ताजी होती. आम्ही तिथं फार थांबलो नाही. संगोळी रायण्णाचं गावही याच तालुक्यात; राणीच्या मागं त्यानं लढा चालू ठेवला आणि २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला त्याला फाशी दिलं. नंदगड खानापूरच्या बाजूला, उलट्या दिशेला. तिथलं त्याच्या समाधीजवळचं वडाचं झाड पुढच्या खेपेला.

कारण मामांना दुसरीकडं जायचं होतं. गाडीत बसल्यावर त्यांनी रस्ता सांगायला सुरुवात केली. डावीकडं घे. पुलावरून. आता सरळ. मी काही विचारलं नाही.

गाव बदललेलं. सिमेंटची घरं, पाण्याची उंच टाकी. मामांना दोनदा चुकल्यासारखं झालं. तिसऱ्या वळणावर मारुतीचं देऊळ ओळखलं, त्याच्या समोर वाडा होता. तिथं आता तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, आत घसरगुंडी, दोन झोके (एक तुटका), शोभेची झुडपं आणि पंचायतीचा रंगवलेला फलक. बालोद्यान. वाड्याचं जोतं जागच्या जागी होतं, त्यावर फरशी टाकून पायवाट केलेली. आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, ओळीनं, समान अंतरावर, तळखडे. पंचायतीनं त्यांना पिवळा आणि तांबडा रंग मारला होता.

मामा फाटकात उभे राहिले. ओठ हलत होते. मोजत होते. "सोळा होते," म्हणाले. "सोळाच्या सोळा आहेत."

दुपारची शाळा सुटलेली. दहाबारा मुलं खेळत होती. आम्ही आत गेलो. मामांना उभं राहवेना, म्हणून ते एका दगडावर बसले, काठी दोन पायांमध्ये धरून. खाच त्यांच्या हाताखाली आली. त्यांनी तिच्यात बोट घातलं. तिथं कुणीतरी चॉकलेटचा कागद कोंबलेला होता.

मुलांचा खेळ मला दोन मिनिटांत ओळखू आला. आम्ही लहानपणी कपिलेश्वराच्या देवळात हाच खेळायचो, खांबखांबोळी. प्रत्येकानं एक खांब धरायचा, ज्याला मिळाला नाही त्याच्यावर राज्य. यांना खांब नव्हते, तर ही पोरं दगडावर उभी राहत होती. आरडाओरडा झाला, सगळ्यांनी जागा बदलल्या, आणि एक सात-आठ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, एक सुटलेली, धावत येऊन मामांसमोर थांबली. तिचा दगड मामांनी अडवला होता.

ती कन्नडात काहीतरी म्हणाली. मामा हसले, तिला उत्तर दिलं, आणि काठीवर भार देऊन उठले. ती टुणकन दगडावर चढली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, आजोबा, हा आमचा खांब आहे," मामा म्हणाले. "तुम्हाला खांब नाही. तुमच्यावर राज्य."

बाकीची पोरं आपापल्या दगडांवर उभी राहून वाट बघत होती. मामांनी काठी माझ्या हातात दिली, धोतराचा सोगा खोचला आणि दोन पावलं पुढं झाले.